पोराले शोभन अशी गाडी

माझी बायको माझ्या मोटरसायकलवर बसत नाही. लग्नाला सात वर्षं झाली. या सात वर्षांत ती एसटीनं गेली, काळीपिवळीत बारा माणसांच्या घामात कोंबून गेली, माझ्या चुलतभावाच्या पोरीच्या बारशाला भर उन्हात पायी गेली, पण माझ्या मागच्या सीटवर तिनं बूड टेकवलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. घरातून आम्ही बरोबर निघतो. मी गाडी बाहेर काढतो, ती फाटक लावते आणि म्हणते, "तुमी व्हा समोर." आमच्याकडे समोर होणं म्हणजे पुढे निघणं. मी होतो समोर.

गाडीत खोट काढायला जागा नाही. साडेतीनशे सीसी, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ, चाकांना पुढे-मागे डिस्क. सुरू केली की अख्ख्या आळीला कळतं मास्तर निघाले. पानठेल्यावरची माणसं मान वळवून बघतात. कॉलेजच्या गेटवरचा चपराशी गेली सात वर्षं दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणतो, "सर, गाडी शोभते तुमाले." तो बिचारा मनापासून म्हणतो. पण तो शब्द ऐकला की माझ्या तोंडात आंबट पाणी येतं. या गाडीची मला किळस आहे, आणि गाडीवर बसलेल्या माणसाची तर त्याहून जास्त.

सुरुवात माझ्या जुन्या गाडीपासून झाली. मी तेव्हा यवतमाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवत होतो आणि बाभुळगावजवळच्या आमच्या गावाहून रोज जाऊन-येऊन करत होतो. गाडी शंभर सीसीची, एका कंपाउंडरकडून जुनी घेतलेली. अ‍ॅव्हरेज उत्तम, बाकी जीव नाही. चढ लागला आणि मागे कोणी बसलेलं असलं की ती रडायची. कापसानं भरलेला ट्रॅक्टरसुद्धा आपल्याला मागे टाकतो की काय असं वाटायचं. मला पिकअप पाहिजे होता. हा शब्द मी त्या दोन वर्षांत जितक्या वेळा उच्चारला तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर मोक्ष मिळाला असता.

प्रश्न एकच होता. कंपनीची मोठी, भारीतली गाडी घ्यायची, की आहे त्याच गाडीचं इंजिन वाढवायचं? ब्लॉक, पिस्टन ज्यात खालीवर होतं ते नळकांडं, आतून कोरून मोठं पिस्टन बसवायचं, म्हणजे आमच्या भाषेत बोअर करायचं. स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले होते. इतिहासवाले म्हणत, घ्यायची तर शोरूमची घे, जुन्याला ठिगळं लावू नको. भौतिकशास्त्रवाले म्हणत, पैसे काय झाडाला लागतात, इंजिन बांध आणि मोकळा हो. मी दोघांचंही ऐकायचो, मोबाईलवर तासन्‌तास व्हिडिओ बघायचो आणि काहीच करायचो नाही. पोरं बारावीला नापास होत होती आणि मास्तर पिस्टनचे व्यास पाठ करत होते. आज आठवलं की लाज वाटते.

शोरूममध्ये मी चार वेळा गेलो. काचेचं दार, थंडगार हवा, अत्तराचा भपका. टाय लावलेला एक जण "सर, बसा तर खरं" म्हणून मला गाडीवर बसवायचा आणि माझाच मोबाईल घेऊन माझा फोटो काढायचा. फोटोत मी बरा दिसायचो. इंजिनाबद्दल काही विचारलं की तो टाकीच्या रंगाबद्दल बोलायचा. तिथून निघून मी बसस्टँडमागच्या एका गॅरेजात जायचो. तिथला मिस्त्री खर्रा थुंकून म्हणायचा, "असा पिकअप काढून देतो सर, का टाकी हातात येईन." त्याच्या दाराशी त्यानंच बोअर केलेली एक गाडी महिनाभर पोट फाडून उभी होती. एक जण अत्तर लावून फसवत होता, दुसरा हात काळे करून. मला दोघांचाही वीट आला होता, तरी मी जातच होतो.

मग मी पर्मनंट झालो. पर्मनंट झालेल्या मास्तराला आमच्याकडे एकदम शिंगं फुटतात. दोन वर्षांत ज्यांनी चहा विचारला नव्हता त्यांच्याकडून सोयरिकी येऊ लागल्या. वडील नव्हते, त्यामुळे सगळा कारभार मोठेबाबांकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे. एक स्थळ मुकुटबनचं आलं. मुलगी बी. ए., बापाचं मोटरसायकलचं गॅरेज. मोठेबाबांनी नाक मुरडलं. "मिस्त्रीची पोरगी?" पण मुलगी पोस्टाच्या नोकरीत लागलेली आहे हे कळल्यावर नाक आपोआप सरळ झालं.

आम्ही बघायला गेलो. ओसरीवर बसलो होतो, ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तेवढ्यात रस्त्यानं एक मोटरसायकल गेली. ती ट्रे धरून क्षणभर थांबली आणि बापाकडे बघून हळूच म्हणाली, "टॅपेट ढिले हायेत." बाप मान हलवून म्हणाला, "कालच सांगतलं त्याले." आणि मग तिनं माझ्यापुढे पोहे ठेवले. पोरीला नाव-गाव-शिक्षण विचारण्याचा तो घाणेरडा प्रकार मोठेबाबांनी नंतर यथासांग पार पाडला, पण माझी पसंती त्या ढिल्या टॅपेटपाशीच झाली होती.

पोहे झाल्यावर तिच्या वडिलांनी मला गॅरेज दाखवलं. घराला लागूनच टिनाची शेड. मधोमध सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्टांनी बसवलेली उभी बोअरिंग मशीन, हिरव्या रंगाची, दसऱ्याची हळद-कुंकवाची बोटं अजून तिच्यावर होती. एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या लिलावातून त्यांनी ती आणली होती आणि वर्षभर खपून जिवंत केली होती. आसपासच्या सगळ्या गावांत गॅरेजं होती, पण स्वतःची मशीन कोणाकडे नव्हती. बाकीचे मिस्त्री ब्लॉक वणीच्या लेथवर पाठवायचे. वणीचे काही शहाणे मात्र ब्लॉक घेऊन यांच्याकडे यायचे, तेलंगणातूनही माणसं यायची. त्यांनी नुकताच कोरलेला एक ब्लॉक माझ्या हातात दिला.

"आत नख फिरवा," ते म्हणाले.

मी अंगठ्याचं नख आतून गोल फिरवलं.

"अडकलं कुठी?"

"नाही."

"अडकलं असतं तं काम वाया. हे मशीनच्या मापात नाई दिसत. नखाले समजते."

दोन वर्षं मनात कुजत पडलेला प्रश्न मी त्यांना विचारला. शोरूमची घ्यावी की बोअर करावी? ते हसले नाहीत. त्यांनी आधी माझा रोजचा रस्ता विचारला, चढ किती, मागे कोण बसतं, पावसात मातीच्या रस्त्यानं जावं लागतं का, सगळं विचारलं. डॉक्टर विचारतो तसं. मग म्हणाले, "शोरूमची गाडी वाईट नसते. पन तुमच्या रस्त्याले तिचं काय काम? अंगानं जड, अन् काळ्या मातीत फसली का चार मानसं लागतीन. तुमच्या गाडीचं हाड चांगलं हाये. तिचा ब्लॉक कोरून मोठं पिस्टन बसवू. पन नुसतं इंजिन वाढवलं तं मानूस मरते, हे ध्यानात ठेवा. समोर डिस्क लावा लागते, चेन-स्पॉकेट बदला लागते, टायर त्या मापाचा पाह्यजे. अन् आरटीओचा जो काय कागद लागते थो आधी करून घेऊ. मी चोरीचं काम करत नाई. पंधरा दिवस गाडी द्या मले."

"देतो, मामाजी," मी म्हणालो. मुलगी अजून होय म्हणायची होती आणि मी त्यांना सासऱ्याला म्हणतात तसं मामाजी म्हणून मोकळा झालो होतो. त्यांचा चेहरा खुलला. परतताना मला इतकं हलकं वाटत होतं. दोन वर्षांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला होता आणि वर सासराही असा मिळणार होता की ज्याच्या हातात काहीतरी आहे.

हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय, कारण मी शब्द दिला होता. पुढे जे घडलं ते अजाणतेपणी घडलं अशी सोय मला नको.

महिन्याभरानं बैठक झाली. बैठक म्हणजे साक्षगंधाच्या, साखरपुड्याच्या, आधीची, देण्याघेण्याची. मुकुटबनलाच, त्यांच्या अंगणात पाल बांधून. सतरंजीवर दोन्हीकडची वीस-पंचवीस पुरुषमाणसं, बायका आतल्या खोलीत दाराआड. कपडे, आंदण, जेवणावळ, सगळं ठरलं. बैठकीत माणसं ज्या आवाजात बोलतात त्या आवाजाची मला आजही शिसारी येते. ढोरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तिथं निदान लाज झाकायला रुमाल तरी असतो.

सगळं उरकल्यावर मोठेबाबांनी पानाचा तोबरा गालात सरकवला आणि ते वाक्य उच्चारलं. आमच्याकडच्या प्रत्येक बैठकीत ते उच्चारलं जातं आणि प्रत्येक जण ते पहिल्यांदाच सुचल्यासारखं उच्चारतो.

"आमची तं काईच मागनी नाई, बाप्पा. पोरगी अन् नारळ द्या. फक्त एक आपली गाडी, पोराले शोभन अशी."

सगळ्या माना हलल्या. शोभन अशी म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. ते कळूनही न कळल्यासारखं दाखवायचं, मग कंपनीचं नाव कोणीतरी तिसऱ्यानंच घ्यायचं, अशी रीत आहे. पण तिचा बाप मिस्त्री होता. त्यानं आयुष्यात गोष्टी मापात ऐकल्या होत्या. त्यानं अगदी सरळपणे विचारलं, "शोभन म्हंजे किती सीसीची?"

पालात हशा पिकला. मोठेबाबा हसले नाहीत. सासरेही हसले नाहीत, कारण त्यांनी विनोद केलाच नव्हता. लोक का हसताहेत ते समजून घ्यायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जवाईबापूचं अन् माह्यं बोलनं झालं हाये. त्याह्यची हाये तेच गाडी मी बांधून देतो. माह्या हातानं. शोरूमच्या गाडीच्या तोडीची करून देतो. विचारा त्याह्यले."

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते पालातल्या लोकांना म्हणाले, "म्हंजे जुन्या गाडीले नवं इंजिन. नवरदेव जुन्याच कपड्यात, बनियन तेवढं नवं!"

हा हशा आधीच्यापेक्षा मोठा होता. तो विरेपर्यंत सासरे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, हा मास्तर आहे, रोज शंभर पोरांसमोर बोलतो, आत्ता बोलेल. मला एवढंच म्हणायचं होतं, हो, आमचं बोलणं झालं आहे, मला तीच गाडी पाहिजे. पण त्या क्षणी मला शोरूममधला माझा फोटो दिसला. मी त्यात बरा दिसत होतो. इतिहासवाले दिसले, गेटवरचा चपराशी दिसला. आणि खरं सांगायचं तर आयती मिळते आहे तर कशाला सोडा, हेही डोक्यात आलं. मी सतरंजीचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत म्हणालो, "मोठे लोक ठरवतील ते."

किती सभ्य वाक्य. आज्ञाधारक पोराचं वाक्य. मूग गिळून बसलो असतो तरी परवडलं असतं, निदान तोंड तरी विटाळलं नसतं.

सासऱ्यांनी नजर खाली घेतली. "बरं. शोरूमची देतो," म्हणाले. मग त्यांनी खिशातून ग्रीसनं माखलेलं एक पेन काढलं आणि गाडीचं नाव, रंग आणि मॉडेल एका कागदावर नीट लिहून घेतलं. नाव माझ्या चुलतभावानं सांगितलं. रंग मी सांगितला. काळा. आतल्या खोलीचं दार तोवर उघडं होतं. मी मान वर केली तेव्हा ते लावलेलं होतं.

लग्नात मांडवाच्या तोंडाशीच गाडी उभी केली होती, हँडलला गुलाबी फीत आणि नंबरप्लेटच्या जागी आमच्या दोघांची नावं. लोक आमच्यापेक्षा तिच्याबरोबर जास्त फोटो काढत होते. फोटोवाल्यानं नवरीला मागच्या सीटवर बसायला सांगितलं. "साडी अटकते," ती म्हणाली. मला तेव्हा ते पटलं. साडी खरंच अडकते. पुढे पाठवणीच्या वेळी ती जीपमध्ये बसली, महिन्याभरानं डोंगरखर्ड्याच्या जत्रेला बसनं गेली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की साडीचा काही संबंध नाही. मी विचारलं. ती भाकरी थापत होती. "मले नाई आवडत ते गाडी," एवढंच म्हणाली.

माझी जुनी गाडी गोठ्यात पडली होती. तिनं एका रविवारी ती बाहेर काढली, प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलून धुतला, दोन्ही टायरात हवा भरून आणली आणि सोमवारी त्या गाडीवर शेजारच्या गावच्या पोस्टात गेली. गावानं महिनाभर तोंडात बोटं घातली. मास्तरची बायको गिअरची गाडी चालवते! मोठेबाबा दोनदा मला बोलले, तिला बोलायची त्यांची छाती नव्हती. ती कधी गाडी मागायला आली नाही आणि मी कधी दिली नाही. ती गाडी तिची झाली.

माझ्या भारीतल्या गाडीचं सासऱ्यांनी जसं सांगितलं होतं अगदी तसंच झालं. नाव मोठं आणि लक्षण खोटं, निदान माझ्या रस्त्याला तरी. पहिल्याच पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती काळ्या मातीत आसापर्यंत रुतली आणि तिला काढायला चारच माणसं लागली. तीन नाही, पाच नाही. चौघांपैकी एक जण चिखलानं भरलेल्या हातांनी टाकी पुसून म्हणाला, "काहीबी म्हना मास्तर, गाडी शोभते तुमाले." मी त्याला आईवरून शिवी देणार होतो. दिली नाही, कारण गाडी अजून अर्धी चिखलात होती.

मुकुटबनला आम्ही वर्षातून दोन-तीनदा जायचो. ती बसनं, मी गाडीवर. सासरे मला बघून उठायचे, हात पुसायचे आणि पहिल्यांदा गाडीकडे जायचे. चेन ताणून द्यायचे, तेल बघायचे, ब्रेकचं पॅड बघायचे. एकदा तर उन्हात बसून त्यांनी अख्खी गाडी धुतली. मी "राहू द्या मामाजी" म्हणत ओसरीवर चहा पीत बसलो होतो. "गाडीचा काय दोष?" ते म्हणाले. बायको दारात उभी राहून ते बघत होती आणि नंतर ती आत निघून गेली.

लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत मला शेडमध्ये काहीतरी वेगळं वाटलं होतं. सिमेंटचा ओटा होता, त्यातून चार बोल्ट वर आलेले होते आणि त्या चार बोल्टांच्या मधोमध पाण्याचा माठ ठेवलेला होता. "मशीन कुठं गेली?" मी विचारलं. "म्हातारी झालती. काहाडून टाकली," ते म्हणाले आणि मला माठातलं पाणी प्यायला दिलं. पाणी गार होतं. मी दोन पेले प्यालो.

नंतर कधीतरी मी त्यांना ब्लॉक पोत्यात गुंडाळून वणीच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देताना पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं तो कोरून परत यायचा. ते पोतं सोडायचे, ब्लॉक उजेडात धरायचे आणि आतून नख फिरवायचे. एकदा नख फिरवता फिरवता त्यांचा अंगठा अडला. त्यांनी पोतं परत गुंडाळलं. मला वाटलं, वय झालं, आता दगदग नको असेल. दोन वर्षं पिस्टनचे व्यास पाठ केलेला माणूस मी, मला एवढंच समजलं.

यंदा दिवाळीनंतर तिची गाडी निळा धूर मारू लागली. तिनंच आवाज ऐकून सांगितलं, "रिंग-पिस्टन गेलं. ब्लॉक कोरा लागते." आणि माझ्या डोक्यात एकदम कल्पना आली. सात वर्षांत इतका आनंद मला कधी झाला नव्हता. म्हटलं, हीच वेळ आहे. ही गाडी मुकुटबनला नेऊ. त्या दिवशी शेडमध्ये ते जे म्हणाले होते ते सगळं आता करू. मोठं पिस्टन, समोर डिस्क, चेन, टायर, सगळं मामाजींच्या हातानं. मी त्यांना माझ्या तोंडानं सांगीन की मला हीच गाडी पाहिजे होती. मग हे काळं धूड विकून टाकीन आणि त्या बांधलेल्या गाडीवर आपण दोघं बसू.

रविवारची सकाळ होती. ती अंगणात गाडीपाशी उकिडवी बसून हेडचे नट सोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा भाषण केल्यासारखंच सांगितलं. तिनं पाना खाली ठेवला.

"बोअर कोन करन?"

"बाबा करतील. दुसरं कोण?"

"कायच्यावर?"

"मशीनवर," मी म्हणालो, आणि मग मला तो माठ आठवला. "म्हणजे, दुसरी घेतली असेल ना त्यांनी. जुनी म्हातारी झाली म्हणाले होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. तिनं फाटकापाशी उभ्या असलेल्या माझ्या काळ्या गाडीकडे हनुवटी केली.

"थे पाहा. थे उभी हाये मशीन. रोज तुमी तिच्यावरच तं बसून जाता."

मला कळायला वेळ लागला. मग तिनं सांगितलं, नट सोडता सोडता सांगितलं, आवाज न चढवता. बैठक झाली त्याच आठवड्यात बाबांनी मशीन वणीच्या लेथवाल्याला विकून टाकली. चार जण लागले ओट्यावरून उतरवायला. ट्रॉलीत चढवताना त्यांनी तिला स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसलं. मुलीला बजावलं होतं की जवाईबापूला हे सांगू नको, त्याह्यले वाईट वाटन. आणि आता ब्लॉक वणीला जातात ते त्याच मशीनवर. कोरणारा दुसरा आहे, मशीन तीच आहे.

"मले नाई आवडत म्हनलं मी तुमाले," ती म्हणाली. "खोटं बोलले. गाडी चांगली हाये. पन मी बाबाच्या मशीनवर कशी बसू, सांगा."

मी म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"सांगतलं असतं तं काय केलं असतं तुमी? मोठ्या लोकाईले इचारलं असतं?"

बैल गेल्यावर झोपा करायला निघालेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल तर त्या सकाळी आमच्या अंगणात यायला पाहिजे होतं. मी गाडीकडे बघत होतो. त्या ओट्यावरचं गार पाणी मी दोन पेले प्यालो होतो. त्या माणसानं आपल्या हातातलं एकमेव हत्यार मोडून माझ्या बुडाखाली दिलं आणि वर त्याची चेन ताणून दिली, तेल बघितलं, उन्हात बसून धुतली. आणि मी काळा रंग सांगितला होता.

दुपारी मी मुकुटबनला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, चार वाक्यं होती. सासऱ्यांनी फोन उचलला. "बोला जवाईबापू," म्हणाले. मागून कोणाच्या तरी गाडीचा आवाज येत होता. मी कापसाचं विचारलं, यंदा वेचणीला माणसं मिळाली का ते विचारलं, त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. ते सगळ्याची नीट उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "गाडी कशी चालून राह्यली?"

कागद माझ्या हातात होता.

"मस्त," मी म्हणालो.

"सर्व्हिशिंग येळेवर करत जा. जपा तिले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. तिच्या गाडीचा ब्लॉक पोत्यात गुंडाळून ओसरीवर ठेवलेला होता, त्यामुळे ती बसनं जाणार होती. फाट्यावर ती पोस्टाची पिशवी घेऊन उभी होती. मी गाडी हळू केली, थांबवली, पाय टेकले. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं गाडीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "शोभते बरं मास्तर तुमाले." मी तिच्याकडे बघितलं. मला तिला बस म्हणायचं नव्हतं. मला उतरायचं होतं, गाडी तिथंच सोडून तिच्याबरोबर बसची वाट बघत उभं राहायचं होतं. चावी फिरवायची, एक पाय पलीकडून इकडे टाकायचा, एवढंच काम होतं. पहिला तास आठवला, हजेरी आठवली, म्हातारा बघत होता.

"तुमी व्हा समोर," ती म्हणाली.

मी झालो समोर.